चिमुकल्या गोल्फची कहाणी आणि शिकवण

गोल्फ हा शब्द कानावर पडला, की सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे एक विस्तीर्ण हिरवे मैदान उभे राहते. त्या मैदानावर सावकाश पावले टाकीत चालणारे धनिक, त्यांच्या मागून दांड्यांची जड पिशवी वाहणारी पोरे, आणि दूरवर कोठेतरी फडकणारे इवलेसे निशाण. कलकत्त्यास १८२९ मध्ये आणि मुंबईस १८४२ मध्ये इंग्रजांनी गोल्फचे क्लब स्थापन केले. पुढे लष्करी छावण्यांतून आणि संस्थानांच्या राजधान्यांतून हा खेळ पसरला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आखलेले गोल्फचे मैदान आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून तरी पाहिले असेल. अशी मैदाने पाहिली म्हणजे हा खेळ ज्याच्यापाशी भरपूर जमीन आणि भरपूर सवड आहे त्याचाच, असा समज होणे स्वाभाविक आहे.

परंतु या थोरल्या खेळाचे एक धाकटे भावंड आहे. त्याला एखादे अंगण पुरते, एक दांडा पुरतो आणि एक चेंडू पुरतो. त्याचे नाव मिनिगोल्फ. पाच-दहा पावले लांबीच्या अरुंद पट्ट्या, त्यांच्या दोन्ही बाजूंस कठडे, मध्ये कोठे कमान, कोठे उतार, कोठे फिरती पवनचक्की, आणि शेवटी एक खळगा. पट्टीच्या आरंभी चेंडू ठेवावयाचा आणि शक्य तितक्या थोड्या फटक्यांत तो खळग्यात घालावयाचा. अशा अठरा पट्ट्या झाल्या, की एक फेरी पुरी होते. चेंडू हवेत उडवावयाचा नाही. तो जमिनीवरून घरंगळतच गेला पाहिजे. एवढेच या खेळाचे शास्त्र, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते.

आणि म्हणूनच या खेळाविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. हा दैवाचा खेळ की अभ्यासाचा? जत्रेतल्या पाळण्यासारखी ही घटकाभराची करमणूक आहे, की हा शिकता येतो, त्यात हात सुधारता येतो? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे या खेळाचा इतिहास पाहणे. कारण गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत हा खेळ ज्या ज्या टप्प्यांतून गेला, त्यांतील प्रत्येक टप्प्याने एकेक कौशल्य निर्माण केले आहे. नवशिक्याला तीच कौशल्ये जवळजवळ त्याच क्रमाने आत्मसात करावी लागतात.

कहाणीचा आरंभ स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावी होतो. गोल्फची पंढरी म्हणून या गावाचा लौकिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मोठ्या मैदानावर पुरुष खेळत. त्यांच्या घरच्या स्त्रियांना मात्र ते मैदान बंद होते. नियमाने नसले तरी रीतीने बंद होते, आणि रीतीचे बंधन नियमाहून अधिक घट्ट असते, हे आपल्या समाजातही कोणाला सांगावयास नको. दांडा खांद्याच्या वर उचलून फटका मारणे स्त्रीला शोभत नाही, असे त्या काळच्या सभ्य समाजाचे मत होते. १८९० मध्ये लॉर्ड वेलवुड नावाच्या एका लेखकाने तर असे लिहून ठेवले, की स्त्रियांनी सत्तर-ऐंशी यार्डांच्या पलीकडे चेंडू मारू नये. त्याहून दूर मारण्याची शक्ती त्यांच्यात नाही असे त्याचे म्हणणे नव्हते. तेवढे दूर मारावयाचे तर दांडा खांद्यावर न्यावा लागतो, ही त्याची अडचण होती!

मग या मुलींनी काय केले? मैदानावर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसणाऱ्या कॅडींनी, म्हणजे दांडे वाहणाऱ्या पोरांनी, वेळ घालविण्यासाठी जवळच एक लहानसा खेळ मांडला होता. तेथे जाऊन या मुली खेळू लागल्या, असे सांगतात. प्रतिष्ठित घरच्या मुलींनी कॅडींच्या जागेवर खेळावे, हे वडीलधाऱ्यांना रुचणे शक्यच नव्हते. त्यातून तोड निघाली ती अशी, की स्त्रियांसाठी स्वतंत्र हिरवळ द्यावी आणि तेथे त्यांनी केवळ घरंगळत्या चेंडूचा खेळ खेळावा. १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूजला स्त्रियांचा क्लब स्थापन झाला. टॉम मॉरिस या त्या काळच्या सर्वांत नामांकित गोल्फपटूने त्यांच्यासाठी हिरवळ आखून दिली. त्या हिरवळीवर इतके उंचवटे आणि इतक्या घळी, की लोकांनी तिला नाव दिले ‘हिमालय’! आपल्या नगाधिराजाचे नाव स्कॉटलंडच्या एका वाळूच्या किनाऱ्यावर जाऊन बसले ते असे. आणि ते आजतागायत टिकले आहे.

श्रोतेहो, त्या स्त्रियांच्या वाट्याला खेळाचा एक तुकडा आला होता. परंतु त्या तुकड्यात एक विद्या दडलेली होती. मोठ्या गोल्फमध्ये जो लांब फटका मारतो त्याचे कौतुक होते. पण सामना बहुधा जिंकला जातो तो खळग्याजवळच्या दोन हातांच्या अंतरात. ‘हिमालया’वर बळाचा उपयोग नव्हता. तेथे उपयोग होता तो डोळ्याचा आणि अंदाजाचा. उंचवट्यावरून चेंडू किती वळेल, कोठे मंदावेल, कोणत्या बाजूस ढळेल, हे आधी ओळखावयाचे आणि मग फटका मारावयाचा.

मिनिगोल्फचा पहिला धडा हाच. फटका मारण्यापूर्वी जमीन वाचावी. पट्टीच्या आरंभी उभे राहून एकदा पाहावे. मग खळग्याच्या मागे जाऊन, किंचित वाकून, उलट बाजूने पाहावे. पुढून न दिसणारा उतार मागून स्पष्ट दिसतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेगाने जाणाऱ्या चेंडूवर उताराचा परिणाम थोडा होतो. चेंडू मंदावू लागला, की उतार त्याला अधिक ओढतो. म्हणून चेंडूचे वळण पट्टीच्या आरंभापेक्षा खळग्याजवळ जास्त असते. नवशिका खळग्याकडे नेम धरतो. जाणता खेळाडू चेंडू जेथून वळावयास लागेल त्या जागेकडे नेम धरतो, आणि पुढचे काम उतारावर सोपवितो. तसेच वेगाचे. फार जोराने आलेला चेंडू खळग्याच्या काठावरून उडून जातो. त्याच्यापुरता खळगा जणू लहान होतो. हळू आलेल्या चेंडूला तोच खळगा मोठा असतो, कारण तो काठावरूनही आत ढळतो. खळगा चुकलाच तर चेंडू त्याच्या पलीकडे हातभर जाऊन थांबावा, इतकाच वेग असावा.

आता कहाणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तर कॅरोलायना राज्यातील पाइनहर्स्ट या गावी जेम्स बार्बर नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने आपल्या बंगल्याच्या बागेत एक चिमुकले गोल्फ मैदान करविले. त्यात कारंजी होती, पायवाटा होत्या, भूमितीतल्या आकृतींसारख्या रेखीव पट्ट्या होत्या. त्याने त्याला ‘थिसल ड्यू’ असे नाव दिले. ऐकावयास ते स्कॉटिश वाटते. पण घाईने उच्चारले, तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो ‘एवढे पुरे’. नावातली ही कोटी खेळाच्या वृत्तीला शोभणारीच होती.

तथापि या खेळाचा प्रसार एका गोष्टीवाचून अडला होता. गवत! गवत राखणे महागाचे काम. ते रोज कापावे लागते, पाणी द्यावे लागते, आणि शंभर माणसे त्यावरून चालली की ते मरते. ही अडचण दूर केली थॉमस फेअरबर्न या गृहस्थाने. त्याची मेक्सिकोत कापसाची शेती होती. सरकीची टरफले तुडवून घट्ट झालेली जमीन किती सपाट आणि टणक होते, हे त्याच्या ध्यानात आले. १९२२ च्या सुमारास त्याने सरकीची टरफले, वाळू, तेल आणि हिरवा रंग यांचे मिश्रण करून एक पृष्ठभाग तयार केला. तो दिसावयास हिरवळीसारखा होता, आणि पाऊस पडला तरी त्याचे फारसे बिघडत नसे. माळवा, खानदेश, वऱ्हाड या कापसाच्या मुलखांत वाढलेल्या माणसाला सरकी म्हणजे गुरांचे खाद्य एवढेच ठाऊक. त्या सरकीच्या टरफलांवर अमेरिकेत एक नवा धंदा उभा राहिला, ही हकीकत आपल्याला मोठी गमतीची वाटेल.

या शोधाने खेळाचे स्वरूपही बदलले. गवतावर चेंडू चुकला तर खेळाडू गवताला दोष देऊ शकतो. सारवलेल्या जमिनीसारख्या सरळ सपाट पृष्ठभागावर चेंडू चुकला, तर दोष हाताचाच. म्हणून दुसरा धडा हाताचा आहे. दांडा मुठीत आवळून धरू नये; पाखरू धरावे तसा, ते निसटणार नाही आणि गुदमरणारही नाही अशा बेताने धरावा. पाय खांद्याइतके रुंद ठेवून उभे राहावे, आणि डोळे चेंडूच्या बरोबर वर यावेत. मनगटे स्थिर ठेवून दोन्ही खांद्यांपासून दांडा घड्याळाच्या लंबकाप्रमाणे मागे न्यावा आणि तितक्याच संथपणे पुढे आणावा. चेंडू दूर न्यावयाचा असेल तर जोर वाढवू नये. लंबक अधिक मागे न्यावा. नवशिक्याचे बहुतेक फटके बिघडतात ते चेंडू कोठे गेला हे पाहण्याच्या उतावळेपणाने. दांडा चेंडूला लागण्यापूर्वीच त्याचे डोके वर उचलले जाते, खांदा फिरतो, आणि चेंडू वाट सोडतो. फटका झाल्यावर मनात एक अंक मोजेपर्यंत नजर जमिनीवरच ठेवावी. ही एवढीशी सवय हातात स्थैर्य आणते.

यानंतर येतो तो या खेळाच्या इतिहासातील सर्वांत वादळी काळ. टेनेसी आणि जॉर्जिया या राज्यांच्या सीमेवर लुकआउट नावाचा डोंगर आहे. तेथे गार्नेट कार्टर आणि त्याची पत्नी फ्रीडा यांनी ‘फेअरीलँड’ नावाची वसाहत आणि अतिथिगृह उभारले होते. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी १९२७ च्या सुमारास त्यांनी तेथे एक चिमुकले गोल्फ मैदान केले. फ्रीडाला परीकथांचे वेड होते. तिच्या कल्पनेने पट्ट्यांच्या कडेला बुटके आणि पऱ्या यांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. चेंडूच्या वाटेत पोकळ ओंडके आणि नळ आले. पाहुणे मोठे मैदान सोडून या लहान मैदानावर गर्दी करू लागले. कार्टरमधला व्यापारी जागा झाला. त्याने फेअरबर्नच्या सरकीच्या पृष्ठभागाचे हक्क मिळविले, आपल्या खेळाला ‘टॉम थंब’ म्हणजे अंगठ्याएवढ्या मुलाचे नाव दिले, आणि तयार मैदाने सुट्या भागांनी बांधून गावोगाव विकण्याचा कारखाना काढला.

पुढील दोन-तीन वर्षांत अमेरिकेला या खेळाचे अक्षरशः पिसे लागले. न्यूयॉर्कमध्ये जमीन मिळेना, तेव्हा इमारतींच्या गच्च्यांवर मैदाने झाली. १९२६ मध्ये ड्रेक डेलानॉय आणि जॉन लेडबेटर यांनी पहिले गच्चीवरचे मैदान काढले, आणि थोड्याच वर्षांत त्या एका शहरात अशा मैदानांची संख्या दीडशेवर गेली. १९३० च्या उन्हाळ्यात साऱ्या देशात २५,००० हून अधिक मैदाने असल्याचा अंदाज होता. दिव्यांच्या प्रकाशात मध्यरात्रीपर्यंत खेळ चाले. चित्रपटगृहे ओस पडतील की काय, अशी धास्ती चित्रपटवाल्यांनी घेतली. त्याच वर्षी कार्टरने १०,००० डॉलरांच्या बक्षिसांची राष्ट्रीय स्पर्धा भरविली.

या काळाने दिलेला तिसरा धडा कठड्यांचा आहे. ओंडके आणि नळ वाटेत आले, तेव्हा सरळ फटक्याने खळगा गाठणे अशक्य झाले. मग चेंडू कठड्यावर आपटून वळविण्याची कला निघाली. आपल्याकडे ज्याने लहानपणी कॅरम खेळला आहे, त्याला ही कला निराळी शिकवावी लागणार नाही. समोरची सोंगटी सरळ मारता येत नसेल, तर स्ट्रायकर फळीवर आपटून तिच्यावर आणावा, हे तो जाणतोच. चेंडू कठड्याला ज्या कोनात लागतो जवळजवळ त्याच कोनात परततो, हा सामान्य नियम. पण कठडा कोणत्या द्रव्याचा आहे हे पाहिले पाहिजे. वीट किंवा दगड असेल, तर चेंडू नियमाप्रमाणे परततो. लाकूड मऊ असेल किंवा रबर असेल, तर चेंडूचा कठड्यापासून दूर जाण्याचा वेग कमी होतो, आणि तो कठड्याला लगटून निघतो. म्हणून अनोळखी मैदानावर पहिली पट्टी खेळतानाच कठड्याची पारख करून घ्यावी. आपल्या चुकलेल्या फटक्यावरूनही ती करता येते.

पण पिसे जसे लागते तसे उतरतेही. १९२९ च्या शरद ऋतूत अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता. मंदीची छाया जसजशी गडद होत गेली, तसतशी मैदाने बंद पडू लागली. ज्यांनी कर्ज काढून मैदाने उभारली होती त्यांचे पैसे बुडाले. १९३२ मध्ये कार्टर दांपत्याने त्याच डोंगरावर ‘रॉक सिटी’ नावाचे उद्यान जनतेस खुले केले, आणि ते पुढे त्या टॉम थंबाहून अधिक टिकले.

परंतु खेळ मेला नाही. येथे या कहाणीतला सर्वांत मनोवेधक भाग येतो. ज्यांच्यापाशी तयार मैदानाचे प्रवेशशुल्क द्यावयास पैसे नव्हते, त्यांनी मोकळ्या जागा झाडल्या, आणि जुने टायर, गटाराचे नळ, पन्हाळी, पिंपे असे जे हाती लागले ते मांडून स्वतःची मैदाने केली. प्रत्येक मैदान निराळे आणि प्रत्येक अडथळा अनपेक्षित. मंदीने धंदा मोडला. खेळ मात्र गल्लीत उतरला.

याच काळाची एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वॉशिंग्टनमध्ये ईस्ट पोटोमॅक उद्यानात १९३० मध्ये एक चिमुकले गोल्फ मैदान सुरू झाले. त्या राजधानीत सरकारी गोल्फ मैदानांवरही गोऱ्यांची जागा वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती. १९४१ मध्ये काही कृष्णवर्णीय खेळाडूंनी ईस्ट पोटोमॅकच्या मैदानावर जाऊन खेळण्याचा आग्रह धरला. लोकांची हुल्लड झाली, पण अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री हॅरोल्ड इकिस यांनी सरकारी मैदाने सर्वांस खुली राहतील असा निर्णय दिला. सेंट अँड्र्यूजच्या मुलींना जे मैदान रीतीने बंद होते, आणि वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीयांना जे रंगाने बंद होते, त्या दोहोंच्या दाराशी उभे राहिले म्हणजे खेळ ही केवळ करमणूक नव्हे, हे मनाला पटते. कोणाला खेळू द्यावयाचे हा प्रश्न खेळाआधीचा असतो.

१९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे जोसेफ आणि रॉबर्ट टेलर या बंधूंनी मैदाने बांधावयास प्रारंभ केला. फिरत्या पवनचक्क्या, किल्ले, नवसाच्या विहिरी, हे जे मिनिगोल्फचे चित्र आज जगाच्या मनात आहे, त्याचा बराचसा वाटा या बंधूंचा. पुढे सुटी करून नेता येतील अशी मैदाने त्यांनी सैन्यासाठीही बनविली, आणि ती कोरिया व व्हिएतनाममधील सैनिकांपर्यंत पोचली.

चौथा धडा या पवनचक्कीचा आहे. तिच्यापुढे नवशिका थबकतो. पाते वर गेले, की घाईने फटका मारतो, आणि खाली येणारे पाते चेंडू परतवून लावते. तिचे रहस्य डोळ्यात नाही, मोजण्यात आहे. पाते त्याच जागी परत येण्यास किती अंक लागतात ते दोनतीन वेळा मोजावे. चेंडूला पवनचक्कीपर्यंत जाण्यास किती अंक लागतात याचा अंदाज घ्यावा. मग पात्याकडे न पाहता, अंकावर फटका मारावा. चढाच्या पट्टीवर नेम काटेकोर सरळ ठेवावा, कारण चढावर तिरपा लागलेला चेंडू वर जाता जाता अधिकच तिरपा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या फटक्यापूर्वी दुसऱ्या फटक्याचा विचार करावा. अडथळा पार झाला नाही तर चेंडू कोठे थांबेल? तेथून पुढे वाट मोकळी आहे ना? बहुतेकांचे गुण अडथळ्यापाशी जात नाहीत. ते खळग्याजवळ वैतागून मारलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या फटक्यात जातात.

आता दैव आणि अभ्यास यांच्या वादाचा निकाल जवळ येतो. १९५४ हे या खेळाच्या इतिहासातील विलक्षण वर्ष होय. त्या एका वर्षी, परस्परांशी काही संबंध नसताना, जगाच्या दोन टोकांना दोन माणसांनी या खेळातून दैवाला हद्दपार करण्याचा प्रयत्न केला.

पहिला डॉन क्लेटन. उत्तर कॅरोलायनातील फेएटव्हिल या गावी त्याने ‘पट-पट’ नावाचे मैदान उघडले. त्याला पवनचक्क्या, प्राण्यांचे जबडे, नशिबावर चालणारे सापळे यांचा तिटकारा होता. त्याने ते सारे काढून टाकले. साधे सुबक कठडे, नेमके उतार, आणि प्रत्येक पट्टीचे प्रमाण दोन फटके. प्रत्येक पट्टी अशी आखलेली, की अचूक खेळणाऱ्याचा चेंडू एका फटक्यात आत जाऊ शकेल. चुकला तर तो स्वतःच्या चुकीने चुकेल.

दुसरा स्वित्झर्लंडमधील पॉल बोंग्नी. हा उद्यानरचनाकार. त्याने काँक्रीटच्या पट्ट्यांची एक ठरीव मालिका तयार केली. पट्टीची लांबी, रुंदी, अडथळ्याचा आकार, सारे निश्चित. मार्च १९५४ मध्ये अस्कोना येथे असे पहिले मैदान खुले झाले. या घटनेचे महत्त्व विचार केल्यावाचून कळत नाही. आतापर्यंत प्रत्येक मैदान निराळे होते. एका गावी शिकलेले दुसऱ्या गावी उपयोगी पडेल याची खात्री नव्हती. बोंग्नीच्या पट्ट्या जेथे जेथे बसविल्या गेल्या तेथे त्या सारख्याच होत्या. म्हणजे एका गावात केलेला अभ्यास दुसऱ्या गावात कामी येऊ लागला. एका खेळाडूचा अनुभव दुसऱ्याला सांगता येऊ लागला. जे सांगता येते, लिहिता येते, तपासता येते, तेच शास्त्र होते. संगीतात ठेका ठरलेला असतो म्हणूनच गायकाला तालमीचा उपयोग होतो, तसेच हे आहे.

स्वीडनने याची पूर्वतयारी आधीच केली होती. अमेरिकेतील लाटेचा वारा १९३० च्या सुमारास तेथे पोचला. १९३७ मध्ये तेथे या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि १९३९ पासून राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. अमेरिकेत जी लाट आली आणि ओसरली, ती युरोपात संथपणे मुरली आणि तिचा खेळ झाला. जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा १९९१ पासून भरत आहेत.

या स्पर्धांतील खेळाडू पाहिले तर सामान्य प्रेक्षक चकित होईल. त्यांच्या पेटीत चेंडूंचा संग्रह असतो. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात. हे चेंडू बहुधा गुळगुळीत असतात. त्यांचा व्यास ३७ ते ४३ मिलिमीटरांच्या दरम्यान असावा लागतो. पण वजन, कठीणपणा आणि उसळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर. एखादा चेंडू आपटला तर मातीच्या गोळ्यासारखा जागीच बसतो, दुसरा कमरेएवढा उसळतो. कठड्यावर आपटून वळवावयाचे तेथे उसळणारा चेंडू, उतारावर ढळू न देता न्यावयाचा तेथे जड आणि मृत चेंडू. रबराची उसळी उष्णतेने बदलते, म्हणून खेळाडू चेंडू ऊबदार किंवा गार ठेवतात. प्रत्येक पट्टीसाठी कोणता चेंडू, कोठून मारावयाचा, कठड्याच्या कोणत्या विटेवर, किती वेगाने, याची टिपणे वहीत असतात. एका पट्टीवर सहा फटक्यांतही चेंडू आत गेला नाही, तर एक दंडाचा फटका धरून सात मोजतात आणि पुढे जातात. अठरा पट्ट्या, अठरा फटके, ही पूर्णत्वाची सीमा. आखूड, गुळगुळीत पट्ट्यांच्या मैदानांवर ती अनेकांनी गाठली आहे. इतर प्रकारच्या मैदानांवर ती अत्यंत दुर्मिळ आहे. ज्या खेळात पूर्णत्व शक्य आहे पण दुर्मिळ आहे, त्याला दैवाचा खेळ म्हणता येणार नाही.

पाचवा आणि शेवटचा धडा हाच. वही ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आज चेंडू बदलला, उभे राहण्याची जागा बदलली आणि जोरही बदलला, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही. तोच चेंडू, तीच जागा ठेवून दहा वेळा मारा. कितीदा आत गेला ते लिहा. मग एक गोष्ट बदला.

यासाठी तयार मैदान जवळ असलेच पाहिजे असे नाही. घरातील फरशीवर किंवा अंगणात एक रुपयाचे नाणे ठेवावे, तीन पावलांवरून चेंडू त्यावरून जाईल असे मारण्याचा रोज पाव घटका अभ्यास करावा. भिंतीला समांतर एक फळी ठेवून दोहोंच्या मधून चेंडू न्यावा. दांडा सरळ आला की वाकडा, हे फळी ताबडतोब सांगते. दोन विटांची कमान, पन्हाळीचा तुकडा, टायरचे अर्धे वर्तुळ यांनी अडथळे होतात. मंदीच्या काळात अमेरिकेच्या गल्ल्यांतून लोकांनी नेमके हेच केले होते. मुलांना या खेळात घ्यावे आणि आजोबा-आजींनाही घ्यावे. कारण येथे बळाला मान नाही. आठ वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांची आजी एकाच पट्टीवर बरोबरीने खेळू शकतील असे खेळ जगात फार नाहीत.

या खेळाच्या इतिहासात एक सूत्र आहे. ज्यांना मोठे मैदान मिळाले नाही त्यांनी हा खेळ वाढविला. सेंट अँड्र्यूजच्या मुलींना दांडा खांद्यावर नेण्याची मनाई होती. त्यांनी दांडा खांद्याखालीच ठेवून अशी कला साधली, की मोठ्या मैदानावरच्या पुरुषांनाही अखेर खळग्यापाशी तीच वापरावी लागते. न्यूयॉर्कला जमीन नव्हती, त्यांनी गच्ची घेतली; मंदीने पैसा नेला, लोकांनी टायर घेतले. मर्यादा घालणाऱ्याच्या हेतूला यात श्रेय नाही. श्रेय आहे ते त्या मर्यादेत राहूनही शिकण्याचे न सोडणाऱ्यांचे.

म्हणून कोणी विचारले, की हा दैवाचा खेळ की अभ्यासाचा, तर असे सांगावे : पहिल्या दिवशी तो दैवाचा असतो. नंतर जितके दिवस आपण वही उघडून बसू, तितका तो अभ्यासाचा होत जातो.